एकाच कळफलकावर अनेक भाषा

आमचे पुष्कळ विद्यार्थी संगणकावर मराठी पत्र लिहावयास बसले म्हणजे रोमन अक्षरांचा आश्रय करितात. उच्चार मराठी, शब्द मराठी, अक्षरें मात्र परकीं, असें तें पत्र तयार होतें. ज्या आजीसाठीं तें लिहिलें, तिनें जन्मभर बाळबोध लिपीवांचून दुसरी लिपि वाचलेली नसते. मग शेजारच्या एखाद्या मुलास बोलावून नातवाचें पत्र वाचवून घेण्याची पाळी तिजवर येते. ह्याचें कारण विद्यार्थ्यांस विचारलें, तर उत्तर ठरलेलें असतें : “सर, कळांवर मराठी अक्षरें आहेतच कोठें?” पालकांचेंहि म्हणणें बहुधा असेंच असतें. त्यांत भर एवढीच कीं, घरचा संगणक जुना झाला, त्यावर आतां नवीन कांहीं चालावयाचें नाहीं.

हे दोन्ही समज चुकीचे आहेत. कळेवर छापलेलें अक्षर ही नुसती खूणचिठ्ठी होय. कळेचा आणि त्या अक्षराचा कायमचा संबंध नसतो. तसेंच जुना संगणक हलक्या प्रणालीवर चांगला चालतो, आणि एक पैसाहि न खर्चतां त्यावर चार भाषांपर्यंत लिहिण्याची सोय करितां येते. ती कशी करावी, आणि ती तशी कां होते, हें ह्या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं शक्य तर संगणकापुढें बसून, एकेक पायरी करून पाहत हा लेख वाचावा. कळांचीं इंग्रजी नांवें आम्हीं ‘के’, ‘सी’, ‘एम’ अशीं मराठी अक्षरांतच लिहिलीं आहेत.

कळ दाबल्यावर काय होतें?

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं जुळाऱ्यापुढें खणांची एक मोठी पेटी मांडलेली असे. प्रत्येक खणांत एकेका अक्षराचे खिळे भरलेले असत. सरावलेल्या जुळाऱ्याचा हात न पाहतां नेमक्या खणाकडे जाई. कागदावर काय उमटावयाचें तें त्या खणांत कोणते खिळे भरले आहेत ह्यावर ठरे. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें, त्यांत देवनागरी खिळे वापरले होते. त्यांचाच मराठी कोश १८१० सालीं निघाला, तो मोडी खिळ्यांत. गांव तेंच, भाषा तीच. पेटी तेवढी निराळी.

संगणकाचा कळफलक ही अशाच खणांची पेटी समजावी. ‘के’ ही कळ आपण दाबली, तर ‘के हें अक्षर आलें’ असा निरोप कळफलक धाडीत नाहीं. अमुक स्थानावरची कळ दाबली गेली, एवढें सांगणारा एक अंक तो आंत पाठवितो. लिनक्स प्रणालींत एक्स नांवाची जी चित्र-व्यवस्था आहे, तिच्या हिशेबीं ह्या कळेचा अंक ४५ होय. हा अंक हातीं येतांच ती व्यवस्था एक कोष्टक उघडून पाहते. इंग्रजी कोष्टकांत ४५ पुढें इंग्रजी के लिहिलेलें आहे. मराठी कोष्टकांत त्याच ४५ पुढें ‘क’ आहे, आणि शिफ्ट दाबलेली असल्यास ‘ख’. ह्या कोष्टकासच लेआउट किंवा मांडणी असें म्हणतात. कोष्टक बदललें कीं भाषा बदलली. कळफलक होता तोच राहतो.

पूर्वीं असें नव्हतें. आज सर्वत्र दिसणारी इंग्रजी मांडणी अमेरिकेंतील क्रिस्टोफर शोल्स ह्यांच्या टंकलेखन यंत्रापासून चालत आली आहे. तें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं विक्रीस काढलें. त्यांत प्रत्येक कळ धातूच्या दांड्यानें आपल्या अक्षराशीं जखडलेली असे. म्हणून मराठीसाठीं वेगळें यंत्र विकत घ्यावें लागे. संगणकांत तो दांडाच उरला नाहीं. तरीहि ‘इंग्रजी कळफलकावर मराठी कशी लिहावी?’ हा प्रश्न आपण विचारीत राहतों, तो त्या दांड्याची आठवण मनांतून गेली नाहीं म्हणूनच.

जुनें यंत्र व हलकी प्रणाली

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. पुढच्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृति आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते. ही सोय नसलेलीं यंत्रें धडधाकट असूनहि अडगळींत टाकण्याचा विचार घरोघरीं होऊं लागला. असा विचार करण्यापूर्वीं पालकांनीं लिनक्सची माहिती करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. लिनक्सचा गाभा लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तो कोणासहि विनामूल्य घेतां येतो.

लिनक्सवर पडद्याची सजावट, खिडक्या, यादी इत्यादि दाखविणारा जो भाग असतो, त्यास डेस्कटॉप म्हणतात. त्यांत कांहीं डेस्कटॉप मुद्दाम हलके ठेविलेले आहेत, म्हणजे ते थोडक्या स्मृतींत व जुन्या प्रोसेसरवरहि सुखानें चालतात. ऑलिव्हिए फोर्दां ह्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेला एक्सएफसीई आणि तैवानच्या हाँग जेन यी ह्यांनीं २००६ सालीं आरंभिलेला एलएक्सडीई हे त्यांपैकीं दोन होत. झुबंटू ह्या प्रणालींत एक्सएफसीई आधींच घातलेला मिळतो; डेबियन व लिनक्स मिंट ह्यांतहि तो निवडतां येतो. नवी प्रणाली घालण्याचें काम जाणकार माणसाच्या देखरेखीखालीं करावें, आणि तत्पूर्वीं घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं, म्हणजे मागाहून पश्चात्ताप होणार नाहीं.

मांडण्या बसविण्याची रीति

आतां एक्सएफसीई डेस्कटॉपवर मांडण्या कशा बसवाव्या तें पाहूं.

१. मुख्य यादींतून ‘सेटिंग्ज’ उघडा व त्यांत ‘कीबोर्ड’ निवडा. जी खिडकी उघडेल तिच्या माथ्यावर तीन विभागांचीं नांवें दिसतील; त्यांतील ‘लेआउट’ ह्या विभागांत जा.

२. तेथें ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ अशा अर्थाचें एक बटण चालू असतें. तें बंद करा. तें चालू असेपर्यंत खालचीं सर्व खानें फिकट दिसतात आणि कांहींहि बदलतां येत नाहीं. पुष्कळजण येथेंच अडतात व यंत्र बिघडलें असें समजून उठून जातात.

३. खालच्या चौकटींत ‘इंग्लिश’ ही मांडणी आधींच दिसेल. ‘ॲड’ हें बटण दाबून नवी मांडणी घ्या. यादी लांबलचक असते. तींत ‘इंडियन’ हें नांव शोधा आणि त्याच्या पोटांतील ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ निवडा. प्रणाली जुनी असल्यास हें नांव सांपडणार नाहीं. तेव्हां नुसती ‘इंडियन’ ही मांडणी घेतली तरी चालते, कारण तीहि देवनागरीच आहे.

४. बाजूच्या बाणांनीं मांडण्यांचा क्रम लावा. इंग्रजी पहिली व मराठी दुसरी असा क्रम ठेवावा. त्याचें कारण पुढें येईल.

५. ‘चेंज लेआउट ऑप्शन’ ह्या खान्यांत मांडणी पालटण्याची कळ निवडा. आल्ट व शिफ्ट एकत्र, दोन्ही शिफ्ट एकत्र, किंवा एकटी कॅप्स लॉक, असे अनेक पर्याय तेथें असतात. कॅप्स लॉकचा उपयोग शाळकरी मुलांस क्वचित्‌च पडतो. ती कळ ह्या कामास दिल्यास एका बोटानें भाषा पालटतां येते.

६. खिडकी मिटा. नंतर पडद्याच्या कडेच्या पॅनेलवर उजवें बटण दाबून ‘ॲड न्यू आयटेम्स’ मध्यें जा आणि ‘कीबोर्ड लेआउट्स’ ही वस्तु तेथें बसवा. सध्यां कोणती मांडणी चालू आहे हें ती सतत दाखवीत राहते. ती देशाचें निशाण दाखवूं शकते, किंवा अक्षरें. आम्ही अक्षरें पसंत करितों. कारण मराठी व कानडी ह्या दोहोंचें निशाण एकच, आणि भाषांना स्वतःचें निशाण नसतें.

ह्याच वस्तूच्या गुणधर्मांत आणखी एक उपयुक्त निवड आहे. मांडणी सर्व पडद्यासाठीं एकच असावी, कीं प्रत्येक खिडकीसाठीं निराळी लक्षांत ठेवावी, हें तेथें ठरवितां येतें. एका खिडकींत मराठी निबंध व दुसरींत इंग्रजी कोश उघडून काम करणाऱ्यानें दुसरा पर्याय घ्यावा. म्हणजे खिडकी बदलतांच भाषाहि आपोआप बदलते. अगदीं नवशिक्यानें मात्र पहिला पर्याय ठेवावा, नाहीं तर आपण कोठें आहों ह्याचा त्यास घोटाळा होतो.

एलएक्सडीई डेस्कटॉपवर हीच सोय पॅनेलमध्यें असते. तेथें ‘कीबोर्ड लेआउट हँडलर’ ही वस्तु बसवून तिचे गुणधर्म उघडावे. ‘कीप सिस्टिम लेआउट्स’ ह्या खान्यांतील खूण काढून टाकली म्हणजे मांडण्या वाढविणें, वर-खालीं करणें व पालटण्याची कळ ठरविणें हीं सर्व कामें तेथल्या तेथें होतात. कांहीं नव्या प्रणालींत एक्सच्या जागीं वेलँड नांवाची चित्र-व्यवस्था आली आहे. तेथें पायऱ्यांचीं ठिकाणें निराळीं असतील, पण तत्त्व तेंच आणि मांडण्यांचीं नांवेंहि बहुधा तींच.

कोणत्या मांडण्या घ्याव्या?

एक्स व्यवस्थेंत एका वेळीं चारच मांडण्या ठेवितां येतात. ही मर्यादा पुरेशी आहे. उलट चाराची भर करण्याचा हव्यासच धरूं नये. हिंदी व संस्कृत ह्यांसाठीं वेगळी मांडणी घेण्याचें कारण नाहीं, कारण त्यांचीहि लिपि देवनागरीच आहे. देवनागरींत लिहिल्या जाणाऱ्या कोंकणीचेंहि तसेंच. इंग्रजीसाठीं ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ ही मांडणी घ्यावी. तींत उजवी आल्ट दाबून ४ ची कळ दाबली कीं २०१० सालीं भारत सरकारनें स्वीकारलेलें रुपयाचें चिन्ह उमटतें. सोलापूर किंवा बेळगांवकडील घरांत कानडी, मुंबईंतील घरांत गुजराती, अशी तिसरी मांडणी घेतल्यास ती खरोखर उपयोगांत येते.

मराठीसाठीं यादींत दोन तऱ्हा दिसतील. एक इनस्क्रिप्ट, आणि दुसरी ‘कगप, फोनेटिक’ ह्या नांवाची, जींत अक्षरें इंग्रजी उच्चाराच्या धोरणानें मांडलेलीं आहेत. दुसरी तऱ्हा पहिल्या दिवशीं सोपी वाटते ह्यांत शंका नाहीं. तरीपण विद्यार्थ्यांनीं इनस्क्रिप्टच शिकावी असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. एक तर तींत लिहितांना मनांत इंग्रजी अक्षर आणावें लागत नाहीं. दुसरें, ती भारतीय लिपींसाठीं एकाच नमुन्यावर बेतलेली आहे. जेथें मराठींत ‘क’ तेथेंच गुजराती, कानडी, तेलुगु व बंगाली मांडणींतहि त्या त्या लिपीचा ‘क’ असतो. एकदां बोटांस वळण लागलें कीं पुढची भारतीय लिपि शिकणाऱ्यास कळफलक पुन्हां शिकावा लागत नाहीं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ही मांडणी १९८६ सालीं ठरविली, १९८८ सालीं ती सुधारली, आणि १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें तिला आपल्या मानकांत स्थान दिलें.

व्याकरणाच्या पुस्तकांतून कळफलकावर

इनस्क्रिप्ट मांडणी पाठ करण्यास अवघड आहे अशी तक्रार आम्ही ऐकतों. ज्यानें मराठी वर्णमाला नीट शिकली आहे त्यास ही तक्रार करण्याचें कारण नाहीं. कारण मांडणीची रचना वर्णमालेवरूनच केलेली आहे.

कळफलकाच्या डाव्या बाजूस स्वर आहेत. बोटें टेकण्याच्या मधल्या ओळींत ‘एफ’ वर ऱ्हस्व इकार आहे, आणि त्याच्या डोक्यावर ‘आर’ वर दीर्घ ईकार. ‘जी’ वर ऱ्हस्व उकार, त्याच्या डोक्यावर ‘टी’ वर दीर्घ ऊकार. ‘एस’ वर एकार, वर ‘डब्ल्यू’ वर ऐकार. ‘ए’ वर ओकार, वर ‘क्यू’ वर औकार. ‘डी’ वर अक्षराचा पाय मोडण्याचें चिन्ह, आणि वर ‘ई’ वर काना. शिफ्टसह हींच स्थानें दाबलीं म्हणजे चिन्हाच्या जागीं पूर्ण स्वर उमटतो : ‘ई’ वर आ, ‘एफ’ वर इ, ‘आर’ वर ई. ‘अ’ ला चिन्ह नाहीं. तो शिफ्टसह ‘डी’ वर मिळतो. अनुस्वार ‘एक्स’ वर आहे.

उजव्या बाजूस व्यंजनें आहेत, आणि तीं वर्गावारीनें लाविलेलीं आहेत. कठोर व्यंजन मधल्या ओळींत, त्याचें मृदु व्यंजन लगतच्या वरच्या कळेवर, आणि महाप्राण त्याच कळेवर शिफ्टसह, असा हा नियम आहे. ‘के’ वर क व ख, वर ‘आय’ वर ग व घ. ‘एल’ वर त व थ, वर ‘ओ’ वर द व ध. ‘एच’ वर प व फ, वर ‘वाय’ वर ब व भ. अर्धविरामाच्या कळेवर च व छ, वर ‘पी’ वर ज व झ. तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर ट व ठ, आणि वर उघडत्या चौकटी कंसाच्या कळेवर ड व ढ. पांच वर्ग, दहा कळा, वीस व्यंजनें. कठोर व मृदु, अल्पप्राण व महाप्राण हे भेद जो विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला कंटाळून घोकतो, त्यास ते येथें बोटांखालीं प्रत्यक्ष भेटतात.

राहिलीं तीं थोडीं. म ‘सी’ वर, न ‘व्ही’ वर, व ‘बी’ वर, ल ‘एन’ वर, स ‘एम’ वर, र ‘जे’ वर, ह ‘यू’ वर आणि य तिरक्या रेघेच्या कळेवर आहे. शिफ्टसह ‘सी’ वर ण, ‘एन’ वर ळ, ‘एम’ वर श व स्वल्पविरामाच्या कळेवर ष मिळतो. लच्या पोटीं ळ आणि सच्या पोटीं श, अशी नातीं लावून हीं ध्यानांत ठेवावीं.

लिहिण्याचा क्रम

येथें एक नियम पक्का करावा : जें आधीं उच्चारलें जातें तें आधीं लिहावें, डोळ्यांस तें कोठेंहि दिसो. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती अक्षराच्या आधीं उमटवावी लागे. संगणकावर ‘वि’ लिहितांना प्रथम व व मग वेलांटी असाच क्रम आहे, कारण उच्चारांत व पहिला येतो. ती डावीकडे नेऊन बसविण्याचें काम यंत्र स्वतः करितें.

जोडाक्षरासहि हाच नियम. पहिलें व्यंजन, मग पाय मोडण्याची कळ, मग दुसरें व्यंजन. ‘धर्म’ ह्या शब्दांत र आधीं व म मागाहून. म्हणून ध, र, पाय, म. ‘क्रम’ ह्या शब्दांत क आधीं व र मागाहून. म्हणून क, पाय, र, म. एकाच रचें रूप एकदां डोक्यावर रफार होतें व एकदां पायाशीं तिरकी रेघ होतें. त्याची चिंता लिहिणारानें करूं नये.

मराठीचें एक खास लेणें मात्र जपावें लागतें. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द निराळे आहेत. पहिल्यास नमस्कार करावा, दुसऱ्यास स्वयंपाक सांगावा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. हा दुसरा र लिहिण्यासाठीं शिफ्टसह ‘जे’ दाबावी, मग पाय व मग य. ही एक कळ ठाऊक नसल्यामुळें ‘दुसर्याला’ असें अशुद्ध लेखन जागोजागीं आढळतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनांत तें आढळूं नये.

सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट परवलीच्या शब्दाची. तो शब्द टंकतांना पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षरें दिसत नाहींत. म्हणून मराठी मांडणी चालू असतां इंग्रजी परवलीचा शब्द टंकला, तर दार उघडत नाहीं आणि चूक कोठें झाली तें कळतहि नाहीं. कित्येकजण अशा वेळीं घाबरून यंत्र दुरुस्तीस नेतात. इंग्रजी मांडणी पहिली ठेवावी असें वर सांगितलें तें ह्याचसाठीं. दार उघडेनासें झालें तर प्रथम मांडणी पालटून पाहावी. परवलीचा शब्द देवनागरींत ठेवण्याचा मोह नवशिक्यानें टाळावा.

दुसरी, ‘कंट्रोल’ व ‘सी’ ह्यांसारख्या जोड-कळा कांहीं कार्यक्रमांत मराठी मांडणी चालू असतां काम करीत नाहींत. तेव्हां क्षणभर इंग्रजीकडे वळावें. संकेतस्थळांचे पत्ते व आज्ञा टंकतांनाहि तसेंच करावें.

तिसरी, अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसूं लागल्या, तर मांडणी चुकली असें समजूं नये. अक्षर बरोबर गेलें आहे; तें काढून दाखविणारा देवनागरी टंक यंत्रांत नाहीं. लोहित किंवा नोटो हे विनामूल्य टंक घालावे. ल व श हीं अक्षरें हिंदी वळणाचीं दिसलीं तरीहि दोष टंकाचा असतो. अक्षर तेंच असतें.

चौथी, आयबस नांवाचा एक निराळा लेखन-साहाय्यक कार्यक्रम कांहीं प्रणालींत आधींच चालू असतो. तोहि आपल्या परीनें मांडणी ठरवूं पाहतो, आणि एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. बसविलेली मांडणी पुनःपुन्हां नाहींशी होत असल्यास आयबस बंद करावा, किंवा सर्व मांडण्या त्यांतच ठरवाव्या.

पालकांस दोन शब्द

कळांवर चिकटविण्याचे मराठी अक्षरांचे कागद बाजारांत मिळतात. ते घेण्यास हरकत नाहीं. पण त्यानें मुलाची मान खालीं वळते व बोटें कधींच स्वतंत्र होत नाहींत. त्यापेक्षां मुलाकडून मोठ्या कागदावर मांडणीचा नकाशा काढून घ्या आणि तो पडद्याच्या वर भिंतीस लावा. एक्सएफसीईमधील ही व्यवस्था प्रत्येक वापरणाराच्या खात्यापुरतीच असते. म्हणून घरांतील मोठ्यांच्या कामांत तिनें कांहींहि अडथळा येत नाहीं. रोज थोडा वेळ सराव असावा, आणि पहिले कांहीं दिवस वेग मंद पडेल तो सोसावा. मूल प्रथम पाटीवर अक्षरें गिरवूं लागलें तेव्हां तरी कोठें वेग होता?

अभ्यास

पुढील शब्द नकाशाकडे न पाहतां लिहितां आले म्हणजे पहिला धडा पुरा झाला असें समजावें.

कमळ : के, सी, शिफ्टसह एन.
शाळा : शिफ्टसह एम, ई, शिफ्टसह एन, ई.
विद्या : बी, एफ, ओ, डी, तिरकी रेघ, ई.
धर्म : शिफ्टसह ओ, जे, डी, सी.
क्रम : के, डी, जे, सी.
क्षमा : के, डी, शिफ्टसह स्वल्पविराम, सी, ई.
दुसऱ्या : ओ, जी, एम, शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ, ई.

हे सात शब्द साधले कीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या वडील माणसास दहा ओळींचें एक पत्र बाळबोध लिपींत लिहावें. ऱ्हस्व-दीर्घ तपासावें, दुसऱ्यांदा वाचून पाहावें, आणि मगच धाडावें. ज्यांस तें मिळेल त्यांनीं चष्मा लावून तें स्वतः वाचावें, दुसऱ्या कोणास हांक मारण्याची गरज पडूं नये, एवढी ह्या विद्येची कसोटी आम्हांस पुरे आहे.